सहा बाटल्या, एक हात आणि प्लॅस्टिक नको: वेष्टनाचं काय करू?

रातांबा

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज अडले म्हणून धागा काढतेय.

कुडाळजवळ आमचं घर. मी आणि माझी धाकटी जाऊ मिळून अमृत कोकम, आवळा आणि जांभूळ अशी तीन सरबतं करतो. ७०० मिलीच्या काचेच्या बाटल्या. निम्मा माल हायवेवरच्या स्टॉलवर जातो, उरलेला कुरियरने पुण्या-मुंबईला. इतके दिवस सहा बाटल्यांवर प्लॅस्टिकची श्रिंक फिल्म चढवून द्यायचो. ती हाताला काचते, आणि गिऱ्हाईक गाडीत बसायच्या आधीच ती फाडून आमच्या कुंपणापाशी टाकून जातं. गेल्या वर्षी पाड्याच्या तोंडातून तसलीच एक फिल्म ओढून काढली, तेव्हा जाऊबाईने जाहीर केलं की हे आजपासून बंद.

मग पुठ्ठ्याचा, वर मूठ असलेला कॅरियर छापून घेतला. दिसायला झकास. पहिल्याच आठवड्यात एका काकांनी उचलला, डिकीपर्यंत चार पावलं गेले आणि तळ सुटला. तीन बाटल्या फुटल्या. अमृत कोकमाचा रंग माहीत आहे ना? काकांची पांढरी पँट पार कामातून गेली. सावंतवाडीचे होते म्हणून बरं, "आमचो शिमगो आजच झालो" म्हणून हसले.

छापणारा म्हणतो, तुमच्या बाटल्या जड आहेत. आता बाटल्या काय छापल्यानंतर जड झाल्या? अजून चारशे कॅरियर माळ्यावर पडून आहेत. प्लॅस्टिककडे परत जायचं नाही. काय करू?

भोचक_भवानी

पहिला भोचक प्रश्न. सहाच का? स्टॉलवर येणारं माणूस खरंच सहा घेतं की तुम्ही सहाचा गठ्ठा करता म्हणून घेतं?

रातांबा

@भवानी, विचारात पाडलंत. बहुतेक जण दोन किंवा तीन घेतात. सहा घेणारे म्हणजे लग्नाकार्याचे, नाहीतर ऑफिसात वाटायला नेणारे. सहाचा गठ्ठा श्रिंकच्या मशिनमुळे ठरला, तिची चौकट त्या मापाची होती.

पुठ्ठेवाला

ताई, खोक्यांच्या धंद्यात वीस वर्षं काढलीत. आधी एवढं सांगा: कॅरियर कशाचा आहे, डुप्लेक्स बोर्ड (सपाट पुठ्ठा) की कोरुगेटेड (आत नालीदार कागद असलेला)? जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅम, किती? तळ कसा बंद होतो, चिकटवलेला की खाचेत अडकवलेला? आणि एक भरलेली बाटली काट्यावर ठेवून वजन लिहा. अंदाजे नको.

रातांबा

डुप्लेक्स, ३५० जीएसएम, आतून राखाडी, बाहेरून चकचकीत लॅमिनेशन. तळाला दोन पट्ट्या एकमेकींवर गमने चिकटवलेल्या आहेत, त्याच सुटल्या. रिकामी बाटली बुचासकट ४०० ग्रॅम, भरलेली १ किलो ३२० ग्रॅम.

सरळरेषा

पुण्यात प्रॉडक्ट डिझाइन करतो. वजनातच गोम आहे.

७०० मिली पाणी असतं तर ७०० ग्रॅम. पण तुमचं पाणी नाही, पाक आहे. ६५ टक्के साखरेच्या पाकाची घनता पाण्याच्या सुमारे १.३१ पट असते, म्हणजे तेवढ्याच बाटलीत ९२० ग्रॅम माल. पाणी धरून हिशोब केला तर सहा बाटल्यांचे ६.६ किलो होतात, प्रत्यक्षात ७.९२ किलो आहेत. फरक १ किलो ३२० ग्रॅम. तुमच्या छापणाऱ्याने सहा बाटल्यांचा कॅरियर केला आणि तुम्ही त्यात सात बाटल्यांचं वजन भरलंत!

दुसरं, माणूस कॅरियर हळुवार उचलत नाही, हिसका देऊन उचलतो. वजन एकदम अंगावर आलं की ताण दुपटीपर्यंत जातो, हे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं गणित. म्हणजे तळावरच्या गमला क्षणभर १६ किलो पेलावे लागतात. तो सुटला यात नवल नाही.

तिसरं आणि मुख्य. ओझं गमवर टाकायचंच नाही. एकच सलग पट्टा मुठीपासून निघून एका बाजूने खाली, बाटल्यांच्या बुडाखालून आणि दुसऱ्या बाजूने वर मुठीपर्यंत आला पाहिजे. बाळाच्या झोळीसारखा. झोळीचं बूड कोणी चिकटवतं का? गम फक्त मुठीपाशी दोन पदर जोडायला लावा, तिथे पदर एकमेकांवर घासतात, एकमेकांपासून उपटले जात नाहीत.

हिरवी_फांदी

किती छान धागा! परदेशात यावर खूप काम झालंय. २०१६ साली फ्लोरिडातल्या सॉल्टवॉटर ब्रुअरीने बिअर गाळून उरलेल्या बार्ली-गव्हाच्या चोथ्यापासून सहा कॅनची कडी बनवली होती, समुद्रात गेली तर मासे खाऊ शकतील अशी. कार्ल्सबर्गने २०१८मध्ये कॅन एकमेकांना नुसत्या गोंदाच्या थेंबांनी चिकटवले, आणि त्याने गठ्ठ्यामागे ७६ टक्क्यांपर्यंत प्लॅस्टिक वाचतं असं सांगितलं. तुम्ही कोकमाच्या चोथ्याचं असं काही करू शकाल का? नाहीतर कंपोस्ट होणारी फिल्म आहेच.

सरळरेषा

@हिरवी_फांदी, कल्पना सुंदर आहेत, पण कॅन म्हणजे साडेतीनशे ग्रॅमचा जीव. तो मानेशी कड्यात धरता येतो कारण त्याला वरून ओठ असतो आणि सगळे कॅन एका मापाचे असतात. रातांबाताईंची बाटली चौपट जड आणि निसरड्या खांद्याची. गोंदाच्या थेंबांना तर यंत्र लागतं, थेंब किती आणि कुठे हे हाताने जमत नाही.

कंपोस्ट होणाऱ्या फिल्मबद्दल सावध. त्यासाठी आपल्याकडे आयएस १७०८८ हे मानक आहे आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ते असलं तरी ती फिल्म जिरते ५८ अंशांच्या आसपास तापलेल्या मोठ्या कंपोस्ट ढिगात. तुमच्या कुंपणापाशी पडली तर पाड्याला फरक कळणार नाही.

जुना_गिरगावकर

धागा वाचून आरे दुधाच्या बाटल्या आठवल्या. पहाटे केंद्रावर रांग, बाटलीवर चांदीसारख्या पत्र्याचं झाकण, आणि प्रत्येकाच्या हातात तारेचा स्टँड. जाड तार वाकवून केलेला, दोन बाटल्यांचा किंवा चारांचा, वर मूठ. आमच्या घरातला मी शाळेत होतो तेव्हापासून होता आणि दूध पिशवीत यायला लागल्यावर आईने त्यात तेलाची बरणी आणि व्हिनेगर ठेवायला सुरुवात केली. तो अजून आहे, थोडा गंजलाय एवढंच. पर्यावरणपूरक वगैरे शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळायची नाही, एवढाच नियम.

भोचक_भवानी

काका, फोटो टाका स्टँडचा!

राईनकाठ

गिरगावकर काकांनी सांगितलेलं इथे जर्मनीत रोज चालू आहे. मी डसेलडॉर्फला असतो. बिअरच्या अर्ध्या लिटरच्या वीस बाटल्या प्लॅस्टिकच्या कठीण क्रेटमध्ये मिळतात. बाटलीमागे ८ सेंट अनामत आणि क्रेटची दीड युरो, म्हणजे पूर्ण क्रेटवर ३ युरो १० सेंट. परत करायला दुकानात मशिन असतं, क्रेट खालच्या पट्ट्यावर सरकवली की ते बाटल्या मोजून चिठ्ठी देतं. क्रेट प्लॅस्टिकचीच, पण वर्षानुवर्षं फिरत राहते. माझ्या शेजारच्या आजोबांच्या तळघरात एका क्रेटवर बंद पडलेल्या कारखान्याचं नाव आहे, ते ती स्टूल म्हणून वापरतात!

तुमच्या स्टॉलवर ठरलेली गिऱ्हाइकं किती आणि वाटसरू किती, यावर सगळं अवलंबून आहे.

चोखंदळ

जरा उलट बाजू मांडतो, राग मानू नका.

श्रिंक फिल्म ही सहा बाटल्यांना वीस-पंचवीस ग्रॅम. पुठ्ठ्याचा कॅरियर दीड-दोनशे ग्रॅम. कागद करायला लाकूड, पाणी, वाफ लागते. "कागद म्हणजे हिरवं" हे इतकं सरळ नाही. कापडी पिशवीचंही तेच. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा २०१८चा अभ्यास आहे: साधी सुती पिशवी सगळ्या निकषांवर पातळ प्लॅस्टिक पिशवीच्या बरोबरीला यायला ७,१०० वेळा वापरावी लागते. फक्त हवामानबदलाचा निकष धरला तर ५२ वेळा.

कायद्याचं म्हणाल तर १ जुलै २०२२पासून देशभर ज्या एकल वापराच्या वस्तू बंद झाल्या त्यात मिठाईच्या खोक्यांवरची, निमंत्रणपत्रिकांवरची आणि सिगारेटच्या पाकिटांवरची फिल्म आहे, बाटल्यांच्या गठ्ठ्यावरची नाही. राज्याची मार्च २०१८ची अधिसूचना जास्त कडक आहे, ती मात्र नीट वाचून घ्या.

रातांबा

@चोखंदळ, राग कशाला. पण तो अभ्यास डेन्मार्कचा, तिथे पिशवी शेवटी भट्टीत जाते. आमच्या ग्रामपंचायतीची घंटागाडी आठवड्यातून एकदा येते, तीही आली तर. इथे फिल्म वहाळात जाते आणि वहाळ खाडीत. पुठ्ठा कुंपणापाशी पडला तर एका पावसात लगदा होतो, नाहीतर शेजारीण चुलीत घालते. तुम्ही कार्बन मोजताय, मी पाडे मोजतेय.

चोखंदळ

हे मान्य. कचरा कुठे पोचतो हा निकष त्या अभ्यासात नव्हताच, हेही कबूल करतो. मग निदान पुठ्ठ्यावर लॅमिनेशन तरी करू नका, ती प्लॅस्टिकची फिल्मच असते. चुलीत तेच जळतं.

रातांबा

अगोबाई. हे कोणी सांगितलंच नव्हतं.

माडावरून

गोव्यातून. आमच्याकडे फेणी गराफांवात भरतात, म्हणजे मोठी फुगीर काचेची बाटली, भोवती वेताची किंवा काड्यांची वीण. वीणच धक्का खाते आणि वीणच मूठ होते, वेगळं वेष्टन नाही. तुमच्याकडे बुरूडकाम करणारे आहेत अजून. तीन खणांची बांबूची परडी करून घ्या की. तळाला कामट्यांची फुली आणि कडेने सुंभाची मूठ. दुकानातल्या खोक्यापेक्षा लोक तीच जपून ठेवतील.

अवांतर: सुंभ हाताला टोचतो, मुठीवर कापडाची चिंधी गुंडाळा.

रातांबा

@माडावरून, आमच्या वाडीपलीकडेच एक काका हारे-रोवळ्या विणतात. विचारलं. म्हणाले, तीन खणांची परडी दिवसाला चार होतील, पाचवी नाही. सीझनला मला दिवसाला चाळीस लागतात. शिवाय पावसाळ्यात कापलेल्या बांबूला भुंगा लागतो, थंडीत कापून बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात बुडवून ठेवायला हवा, तेही तेच म्हणाले. पण दहा परड्या सांगितल्यात, गावातल्या ठरलेल्या घरांसाठी. शंभर रुपये अनामत, परडी आणि रिकाम्या बाटल्या परत आणल्या की पैसे परत.

पुठ्ठेवाला

आता मी सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

एक: डुप्लेक्स विसरा. त्याचा राखाडी थर रद्दीचा असतो, तंतू वापरून वापरून आखूड झालेले. आखूड तंतूचा कागद दिसायला जाड, पण फाटायला लागला की थांबत नाही. थ्री प्लाय, म्हणजे तीन थरांचा, कोरुगेटेड घ्या, ई फ्लूट, म्हणजे बारीक नालीचा. त्याची नाली दीड मिलिमीटरच्या आत असते, घडी नीट पडते. बाहेरचा क्राफ्ट कागद जितका लांब तंतूचा मिळेल तितका बरा, आणि बीएफ (बर्स्टिंग फॅक्टर, कागद किती दाबाला फुटतो त्याचं माप) विचारून घ्या. "चांगला माल आहे" एवढं ऐकून परतू नका.

दोन: कागदाला दिशा असते. घरातलं वर्तमानपत्र घ्या, एकदा उभं फाडा, एकदा आडवं. एकीकडे सरळ रेघेत फाटेल, दुसरीकडे वेडंवाकडं. मुठीच्या भोकाच्या टोकांपासून जिथे चीर जाईल, ती रेघ सरळ फाटण्याच्या दिशेत येता कामा नये. डाय (पुठ्ठा कापायचा साचा) करणाऱ्याला हे आधी सांगावं लागतं, कारण तो शीटमधून जास्तीत जास्त नग कसे निघतील एवढंच बघतो. त्यातही त्याची चूक नाही, तुम्हीच स्वस्त मागता.

तीन: भोकाची टोकं गोल. चौकोनी कोपरा म्हणजे फाटायचं आमंत्रण. आणि भोकातला पुठ्ठा कापून फेकू नका, तीन बाजूंनी कापून वरच्या बाजूला दुमडू द्या. बोटांना कड लागत नाही, मुठीला दुहेरी जाडी मिळते.

चार, आणि हे कोकणासाठी: हवेतला ओलावा ९० टक्क्यांच्या आसपास गेला की कोरुगेटेड खोक्याची दाब सोसायची ताकद निम्म्यावर येते. त्यात थर चिकटवलेले असतात स्टार्चच्या खळीने, ती ओली झाली की पदर सुटतात. म्हणून उन्हाळ्यात पास झालेला कॅरियर आषाढात नापास होतो. उपाय दोन. ताकद आधीच दुप्पट धरायची, आणि माल जमिनीवर ठेवायचा नाही, फळीवर ठेवायचा, भिंतीपासून वीतभर लांब. लॅमिनेशनऐवजी पाण्याच्या बेसचं वॉर्निश मारा, थोडे शिंतोडे झेलतं आणि रद्दीत जायला अडचण नाही.

पाच: सहाचा नाद सोडा. तीन करा. चार किलो कुठलीही बाई एका हाताने उचलते. आठ किलो उचलताना माणूस खांदा वाकडा करतो आणि खोकं पायावर आपटतं.

भोचक_भवानी

मी पहिल्याच प्रतिसादात हेच म्हटलं होतं. माझा कमिशनचा कॅरियर पाठवून द्या. भरलेला.

सरळरेषा

+१ पुठ्ठेवाल्यांना, वाचनखूण साठवली. एकच भर घालतो. तीन बाटल्या एका ओळीत ठेवल्या तर काच काचेला लागते. मधे दोन आडवे पडदे हवेत, पण ते वेगळे तुकडे करू नका. बाजूच्या भिंतीतूनच जीभ कापून आत वळवा. तेवढाच पुठ्ठा, एक नग कमी. स्टॉलवर गर्दीत सुटे तुकडे कोण जोडत बसणार?

कागदाचा नमुना करून आधी स्वतः उचलून बघा. सुरीने कापा, ट्रेसिंग पाठवतो व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात).

कुरियरकाका

पार्सल बुकिंगला बसतो, कंपनीचं नाव विचारू नका. कॅरियर आणि कुरियरचं खोकं एकच असावं हा मोह टाळा. कॅरियर हात धरतो, कुरियरचं खोकं फेकलं जातं. हो, फेकलं जातं, मी बघतो रोज.

आकारमानाचं वजन काढताना लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,०००ने भागतात, आणि खऱ्या वजनाशी तुलना करून जे जास्त त्याचे पैसे घेतात. तुमच्या सहा बाटल्यांचं घट्ट खोकं समजा २५ बाय १७ बाय ३०, म्हणजे अडीच किलो. खरं वजन आठच्या वर. आता चहूबाजूंनी पाच-पाच सेंटिमीटर भरण घातलं तर ३५ बाय २७ बाय ४० होतं, आकारमानाचं वजन साडेसात किलो. म्हणजे अजूनही खरंच वजन जास्त! भरण भरायची जागा तुम्हाला जवळजवळ फुकट मिळतेय, आणि लोक तीच वाचवून बाटल्या फोडतात.

भरणाला थर्माकोल नको असेल तर फाईव्ह प्लायचं खोकं, आत उभे-आडवे पडदे, आणि खाली-वर अंड्यांचे कागदी ट्रे. बाटलीचं बूड त्यात छान बसतं.

पुठ्ठेवाला

काकांशी सहमत. पाठवण्याआधी घरीच पाडून बघा. आयएसटीए या पॅकेजिंग चाचण्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १ए चाचणीत साडेनऊ किलोपर्यंतचं खोकं ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा पाडतात: एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहा वेळा सहा बाजूंवर. ओट्याची उंची साधारण त्याच्या जवळपास असते. रीतसर अहवाल हवा असेल तर अंधेरीच्या भारतीय पॅकेजिंग संस्थेत ही यंत्रं आहेत.

जुना_गिरगावकर

आंब्याच्या पेटीत भाताचा पेंढा असायचा, तो का कोणी सुचवत नाही?

रातांबा

काका, पेंढा पहिला डोक्यात आला होता. स्टॉलला ठीक, पण कुरियरमध्ये पेंढ्यातून किडे निघाले आणि पुण्याच्या एका ताईंनी व्हिडिओ काढून पाठवला. तेव्हापासून पेंढा गुरांना.

रातांबा

धागा वर काढतेय, पुढे काय झालं ते सांगायला.

सरळरेषा यांच्या ट्रेसिंगवरून दहा नमुने हाताने कापले, मग डाय करून घेतली. तीन बाटल्यांचा झोळी कॅरियर, ई फ्लूट, छपाई एकाच रंगात, लॅमिनेशन नाही. नवऱ्याने पडवीच्या वाशाला दोरी बांधून एक टांगला, त्यात तीनऐवजी पाच बाटल्यांचं वजन होईल इतके दगड भरले आणि विसरला. दुसऱ्या दिवशी सकाळीही तसाच लटकत होता. सासूबाई तरीही म्हणाल्या, "ह्यो पुठ्ठो पावसात टिकाचो नाय."

आषाढात त्या अर्ध्या खऱ्या ठरल्या. फळीवरचे सगळे ठीक राहिले. खाली फरशीवर ठेवलेल्या बारांपैकी दोघांचे थर बुडाशी सुटले, पण बाटली एकही पडली नाही, पट्टा सलग होता म्हणून. ओल्या छत्रीचं पाणी गळून मुठी मऊ पडतात ही नवी तक्रार आहे.

कुरियरचं खोकं ओट्यावरून दहा वेळा पाडलं. सातव्यांदा, कडेवर पडताना, एक बाटली गेली. वरचा अंड्यांचा ट्रे उलटा बसवला होता आम्ही. सुलटा करून पुन्हा दहा वेळा पाडलं, एकही नाही.

बांबूच्या दहा परड्यांपैकी सहा परत आल्या. दोघींनी अनामत सोडून दिली, परडी देणार नाही म्हणाल्या, त्यात कांदे-बटाटे ठेवलेत. एक मुंबईला गेली. एकीचा पत्ता नाही.

माळ्यावरचे चारशे जुने कॅरियर अजून तिथेच आहेत. ३५० जीएसएम, लॅमिनेशन केलेले, सहा खणांचे. कोणाला शाळेच्या प्रकल्पाला, रोपांच्या पिशव्या ठेवायला, कशालाही हवे असतील तर व्यनि करा. जड काही ठेवू नका फक्त.

भोचक_भवानी

रोपांना मला पन्नास पाठवा. आणि कमिशन विसरलात.

रातांबा

विसरले नाही. तीन बाटल्यांचा निघालाय, वरचा ट्रे सुलटा आहे.